जुनें बिनतारी यंत्र आणि त्याचा वारस

वडीलधारें मनुष्य गेल्यावर घरांत ज्या वस्तु मागें राहतात, त्यांची व्यवस्था लावणें बहुधा कठीण नसतें. तांब्यापितळेचीं भांडीं कोणाकडे जावींत, पोथ्या कोणीं सांभाळाव्यात, हें चार शहाणीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे ठरतें. परंतु हल्लीं कांहीं थोड्या घरांतून अशी एक वस्तु मागें राहूं लागली आहे कीं, जी वारसाहक्कानें हातीं येते खरी, पण तिचा उपयोग करण्याचा अधिकार तिच्याबरोबर येत नाहीं. ही वस्तु म्हणजे हौशी बिनतारी संदेशकाचें, म्हणजे ज्यास सर्वत्र 'हॅम' म्हणतात त्याचें, मोटारींत बसवावयाचें जुनें यंत्र होय. महाड-पोलादपूरच्या मुलुखांत अशा यंत्राची किंमत काय, आणि तें ठेवावयाचें तर कोणत्या अटीवर ठेवावें, याचा विचार आज या सदरांत करूं.

प्रथम यंत्राची ओळख. याला 'मोबाइल' म्हणतात, पण या शब्दानें खिशांतला दूरध्वनि समजूं नये. हें वाहनांत बसविण्यासाठीं केलेलें, बोलणारें व ऐकणारें असें दुहेरी यंत्र आहे. जाडजूड पुस्तकाएवढा आकार, पुढें दोनचार खुंट्या, आणि वळ्या वळ्या असलेल्या तारेला लोंबणारा ध्वनिग्राहक. त्यावरील कळ दाबली कीं बोलावयाचें, सोडली कीं ऐकावयाचें. याएसु, आयकॉम, केनवुड या जपानी कारखान्यांनीं १९८० ते २००० या दोन दशकांत केलेलीं अशीं यंत्रें आजहि हौशी मंडळींच्या घरीं चालूं स्थितींत आढळतात. त्यांतील पुष्कळशीं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत काम करतात. प्रकाशाच्या वेगास कंपनसंख्येनें भागिलें म्हणजे तरंगाची लांबी सुमारें दोन मीटर येते, म्हणून या पट्ट्यास 'दोन मीटर' असेंच नांव पडलें आहे. आणि या लांबीचा चतुर्थांश म्हणून छपरावर अवघी हातभर उंचीची काडी लावली तरी एरियलचें काम होतें.

हीं यंत्रें टिकतात याचें कारण त्यांच्या घडणींत आहे. मोटारीचे हिसके आणि उन्हांत तापलेली मोटार हीं गृहीत धरूनच तीं बांधलेलीं असतात. अंग ओतीव ॲल्युमिनियमचें असून पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असतात. म्हणजे जें अंग तेंच थंड होण्याचें साधन. आंतील भाग सुटे आणि डोळ्यांस दिसण्याजोगे असल्यामुळें, ज्यास कथिलाचा सांधा नीट करतां येतो असा मनुष्य नकाशा समोर ठेवून दुरुस्ती करूं शकतो. तथापि टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. वीस-तीस वर्षांत कपॅसिटर सुकतात. स्मरण राखणारी लहान बॅटरी संपते आणि भरून ठेवलेले आंकडे पुसले जातात. ध्वनिग्राहकाची तार वांकून वांकून आंतल्या आंत तुटते. आणि आमच्या कोंकणच्या पावसाळ्यांत एरियलच्या जोडावर पाणी शिरून तांब्यापितळेवर हिरवा कळंक चढतो. हा जोड रबरी फितीनें घट्ट गुंडाळावा व दरसाल मृगापूर्वीं उघडून पहावा. सर्वांत मोठी काळजी ही कीं, एरियल जोडल्यावांचून बोलण्याची कळ कदापि दाबूं नये; कारण बाहेर जावयाची शक्ति मग आंतच उलटते, आणि ज्या यंत्रानें तीस वर्षें हिसके सोसले तें क्षणांत निकामी होण्याचा संभव असतो.

आतां मुलुखाकडे वळूं. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुरावरून खालीं उतरते आणि महाडास येऊन गांधारीला भेटते. वर पडलेला पाऊस खालीं येतो हें येथें पोरालाहि सांगावें लागत नाहीं. सन २००५ च्या जुलैअखेर दासगांव, जुई या गांवांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें डोंगर वाडीवर उतरला आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंहि प्राणहानि झाली. महाबळेश्वरास त्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. महाड शहर पाण्याखालीं होतें, वीज नव्हती, खिशांतले दूरध्वनि मुके झाले होते, आणि तळियेची हांक बाहेर पोंचून मदत येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

दूरध्वनि मुके कां होतात? त्यांचे मनोरे विजेवर उभे असतात. वीज गेली कीं बॅटरीवर, मग डिझेलवर. आणि एका मनोऱ्यास दुसऱ्याशीं जोडणाऱ्या तारा बहुधा रस्त्यांच्या व पुलांच्याच आश्रयानें जातात. रस्ता वाहून गेला कीं तारहि गेली. याच्या उलट, एका घरांतलें बिनतारी यंत्र दुसऱ्या घरांतल्या यंत्राशीं थेट बोलतें. मध्यें कोणाचा आश्रय नाहीं. यंत्रानें दरड थांबत नाहीं हें खरें. पण वर पाऊस किती झाला, नदीनें कोणती पायरी गांठली, कोणत्या वाडीकडून माणूस आला नाहीं, हें खालीं वेळेवर कळलें तर पुढचें पुष्कळ वांचतें.

मात्र या तरंगांचा एक स्वभाव ओळखून असावें. ते प्रकाशासारखे बहुतेक सरळ रेषेंत जातात. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. सन १६७० त सिंहगड हातीं आल्यावर गडावर आग पेटवून तिच्या उजेडानें राजगडीं खूण पोंचविली, हा प्रसंग बखरीमुळें आपणांस ठाऊक आहे. राजगडावरून सिंहगड दिसतो म्हणून ती खूण पोंचली. मध्यें डोंगर आडवा असता तर कितीहि मोठी होळी व्यर्थ गेली असती. दोन मीटरच्या यंत्राचेंहि तसेंच. सपाट भूमि कल्पून हिशेब केला, तर दहा मीटर उंचीच्या छपरावरून त्याची दृष्टि सुमारें तेरा किलोमीटर पोंचते, आणि महाबळेश्वराएवढ्या उंचीवरून दीडशें. महाडच्या खोलगट भागांतून सह्याद्रीच्या सोंडा आड येतात. म्हणून एकटें यंत्र कितीहि चांगलें असलें तरी त्याला उंचावरचा सोबती पाहिजे. हौशी मंडळी डोंगरमाथ्यावर 'रिपीटर' नांवाचें, ऐकून पुन्हां उच्चारणारें यंत्र बसवितात तें यासाठींच. पुष्कळ रिपीटर एक ठराविक मंद सूर ऐकूं आल्यावांचून उघडत नाहींत, आणि फार जुन्या यंत्रांत हा सूर काढण्याची सोय निराळी बसवावी लागते. तेव्हां जुनें यंत्र घेतांना हें आधीं विचारावें. शिवाय रिपीटरलाहि वीज लागते. तो बंद पडला तर पोलादपूरच्या वरच्या अंगास राहणारा एक मनुष्य मध्यें बसून ऐकलेलें पुढें सांगेल, अशी योजना पूर्वींच केलेली असावी.

विजेचाहि हिशेब घरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. यंत्र मोटारीच्या बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालतें. नुसतें ऐकतांना सुमारें अर्धा अँपियर, पांच वॅटांवर बोलतांना तीन ते चार, आणि पूर्ण पन्नास वॅटांवर बोलतांना दहा ते बारा अँपियर लागतात. चाळीस अँपियर-तासांच्या बॅटरीपैकीं अर्धीच खर्चावी असें धरलें, तर वीस उरतात. अहोरात्र ऐकत बसलें तर त्यांतील बारा जातात. उरलेल्या आठांत पांच वॅटांवर दोन तास बोलणें होईल, पन्नास वॅटांवर जेमतेम पाऊण तास. परंतु दर तासाच्या आरंभीं दहा मिनिटेंच ऐकावयाचें असें सर्वांनीं ठरविलें, तर ऐकण्याचा खर्च दिवसाला दोनवर येतो, आणि तीच बॅटरी कित्येक दिवस पुरते. यंत्राचा टिकाऊपणा उपयोगी पडावयाचा तर त्यास असा नियम पाळणारीं माणसें हवींत.

येथें मूळ प्रश्नाशीं आपण येऊन पोंचलों. माणसें कोठून आणावयाचीं? सन १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें असें यंत्र परवान्यावांचून बाळगणें हाच गुन्हा ठरविला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंहि तेंच तत्त्व राखिलें आहे. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. बापाच्या परवान्यावर मुलगा बोलूं शकत नाहीं, पतीच्या परवान्यावर पत्नी बोलूं शकत नाहीं. म्हणून परवानाधारक मनुष्य गेल्यावर दोनच मार्ग सरळ आहेत: एक तर यंत्र दुसऱ्या परवानाधारकास द्यावें, किंवा घरांतील कोणीतरी परीक्षेस बसावें. माळ्यावर ठेवून देणें हा मार्ग नव्हे, आणि नातवंडांस खेळावयास देणें तर मुळींच नव्हे.

पोलादपूरकडील एका घराचें उदाहरण आमच्या माहितींतलें आहे. घरच्या कर्त्या गृहस्थांनीं वीस वर्षें हें व्रत सांभाळिलें. ते गेल्यावर थोरले चिरंजीव म्हणाले, विकून टाकूं. धाकटे म्हणाले, आप्पांची आठवण आहे, राहूं दे. वाद पुष्कळ झाला. दोघांपैकीं परीक्षेचें नांव मात्र कोणींच काढलें नाहीं. तें काढलें धाकट्या सूनबाईंनीं. त्यांचें शास्त्रशाखेचें शिक्षण झालेलें, आणि मामंजींच्या शेजारीं बसून त्यांनीं कित्येक संध्याकाळीं तीं बोलणीं ऐकलेलीं. घरांत कोणीं नको म्हटलें नाहीं. पण स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूबाईंचें औषध यांतून अभ्यासाला वेळ काढून देऊं, असेंहि कोणीं म्हटलें नाहीं. यंत्र कोनाड्यांत, पुस्तक उशाखालीं, अशी स्थिति कांहीं महिने राहिली.

ही परीक्षा दुर्घट नाहीं. बारा वर्षें पूर्ण झालेल्या कोणासहि ती देतां येते. विजेचीं मूलतत्त्वें, यंत्राची सामान्य रचना आणि बोलण्याचे नियम एवढाच तिचा विषय. खालच्या श्रेणीस मोर्सची लिपि लागत नाहीं. वरच्या श्रेणीस मिनिटाला आठ शब्द या वेगानें ती ऐकतां व वाजवितां यावी लागते. ज्यानें लहानपणीं वृत्तांचे लघु-गुरु मोजले आहेत त्यास ती परकी वाटूं नये. भेद इतकाच कीं, गुरु दोन मात्रांचा, आणि मोर्सची रेघ तीन ठिपक्यांची, म्हणजे प्लुताएवढी. अर्ज केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे 'सरल संचार' या संकेतस्थळावर करावा लागतो.

आणि हें बायकांचें काम नव्हे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें २००४ चा डिसेंबर आठवावा. भारती प्रसाद या बाई हौशी बिनतारीच्या मोहिमेसाठीं अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेल्या होत्या. २६ तारखेस त्सुनामी आली, इतर संपर्क तुटले, आणि त्यांच्याच यंत्रावरून बेटांवरील खबर मुख्य भूमीकडे जाऊं लागली. यंत्र तेथें होतें. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे, त्यापुढें बसण्याचा अधिकार आणि सराव असलेलें मनुष्य तेथें होतें.

सराव हा शब्द आम्ही मुद्दाम योजितों. न्यायशास्त्रांत शब्दास प्रमाण मानिलें आहे, पण तो आप्ताचा शब्द असला तर. आणि आप्त म्हणजे जसें असेल तसें जाणणारा व तसेंच सांगणारा. आपत्तीच्या वेळीं बिनतारीवर बोलणाराहि असाच असावा लागतो. स्वतः पाहिलें काय, ऐकलें काय, हें निराळें सांगणें. गांवाचें नांव दोनदां उच्चारणें. आंकडा सुटा सुटा सांगणें. आणि बोलणें संपलें कीं कळ सोडून ऐकणें, हें ऐन पुरांत शिकतां येत नाहीं. तें दर रविवारीं दहा मिनिटें, ऊन असतांना, शिळोप्याच्या गोष्टी बोलतां बोलतांच अंगीं मुरतें.

तेव्हां ज्या घरीं असें यंत्र असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच. तें वापरावयाचें नसेल तर भंगारांत न घालतां योग्य परवानाधारकाच्या हातीं द्यावें. त्यांत मृताच्या स्मृतीचा अवमान नाहीं. ठेवावयाचें असेल तर घरांतील कोणा एकाला, मग तो नातू असो, मुलगी असो कीं सून असो, रोजचा एक तास निर्वेध मिळवून द्यावा, आणि त्या वेळचें त्याचें काम इतरांनीं उचलावें. वर सांगितलेल्या घरीं अखेर थोरल्या जाऊबाईंनीं संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला, आणि सूनबाईंचा अर्ज गेला. यंत्राला नवा कपॅसिटर दुकानांत मिळतो. हा एक तास मात्र घरच्यांनींच द्यावा लागतो, आणि तो पावसाळ्यापूर्वीं दिलेला बरा.