हिरे सरल्यावर गाव कोणाचे?

खाणीचे उत्पन्न म्हणजे व्याज नव्हे. ते मुद्दलच खाणे होय. अर्थशास्त्रातील हे जुने सत्य आज नामिबियातील ओरांजेमुंड या गावाला प्रत्ययास येत आहे. वाळवंट आणि अटलांटिक महासागर यांच्या सांध्यावर, ऑरेंज नदीच्या मुखाशी, हे गाव १९३६ साली एका हिरे-कंपनीने वसविले. घरे कंपनीची, पाणी-वीज कंपनीची, आणि गावात पाऊल टाकण्याचा परवानाही कंपनीचाच! तो परवाना २०१७ मध्ये रद्द झाला. किनाऱ्यावरील हिऱ्यांना अंत आहे हे ओळखून गाव आता निसर्ग-पर्यटनाकडे वळू पाहत आहे.

त्यासाठीचे भांडवल अनायासेच साठले आहे. हिऱ्यांच्या राखणीसाठी जर्मन राजवटीने १९०८ मध्ये हा मुलूख निषिद्ध ठरविला. माणसांना मज्जाव झाला आणि दुर्मिळ वनस्पती मात्र वाचल्या. २००८ मध्ये येथील सुमारे २६,००० चौरस किलोमीटर प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच वर्षी गावाजवळ, खाणीच्या वाळूत, हिंदुस्थानाकडे निघालेल्या सोळाव्या शतकातील एका पोर्तुगीज गलबताचे अवशेष सोन्याच्या नाण्यांसह सापडले. पाहुण्यांना दाखविण्याजोगे येथे पुष्कळ आहे, यात शंका नाही.

परंतु पर्यटक येणे आणि गाव जगणे या दोन भिन्न गोष्टी होत. उत्तरेकडील कोलमन्सकोप हे हिऱ्यांचे गाव १९५६ पर्यंत पुरते ओस पडले. त्याच्या वाळूने भरलेल्या घरांची छायाचित्रे घेण्यास आज जगभरचे लोक येतात; राहत मात्र तेथे कोणीच नाही.

म्हणून खरा प्रश्न मालकीचा आहे. १९०८ मध्ये या मुलुखातील हिरा झकारियास लेवाला या रेल्वेमजुराच्या हाती लागला. खाणीचे हक्क मात्र मिळविले त्याच्या जर्मन वरिष्ठाने. पर्यटनातही वाटेकरी, सल्लागार, हॉटेलवाले बाहेरचे आणि झाडलोट तेवढी गावकऱ्यांची, असे झाले तर केवळ मालक बदलेल. घरांची मालकी रहिवाशांना मिळावी, उद्यानाच्या शुल्कातील ठराविक वाटा गावाच्या तिजोरीत पडावा आणि वाहनांच्या संख्येवर कडक मर्यादा असावी. वाळवंटात चाकांचे वण कित्येक दशके बुजत नाहीत.

ही तरतूद हिऱ्यांचा पैसा वाहता आहे तोवरच केली पाहिजे. मुद्दल संपल्यावर काटकसरीचा उपदेश करून काय उपयोग?