समुद्रकांठचें घर : स्वयंपूर्ण कशानें होतें ?

सेवानिवृत्त गृहस्थास गांवची आठवण होऊं लागते, ह्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु अलीकडे संसाराच्या ऐन भरांत असलेल्या मंडळींसही ती ओढ लागलेली दिसते. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सर्व मार्गभर धांवूं लागली, पाठोपाठ रस्ते सुधारले, आणि मुंबईपुण्याच्या घरांत ‘आपलें गांवचें ठिकाण’ हा शब्द पुन्हां ऐकूं येऊं लागला. ह्या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पत्रांतही एक प्रश्न वारंवार असतो : ‘समुद्राजवळ, गांवगर्दीपासून दूर, लहानसें स्वयंपूर्ण घर बांधावयाचें आहे, आरंभ कोठून करावा?’ बहुधा पत्रासोबत घराचा नकाशाही असतो. आमचें उत्तर ठरलेलें आहे. नकाशा तूर्त पेटींत ठेवावा, वैशाखाच्या अखेरीस त्या जागीं जावें आणि जवळच्या विहिरीचें पाणी चाखून पाहावें.

हें उत्तर कित्येकांस विचित्र वाटतें. जेथें वर्षास सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्या रत्नागिरी जिल्ह्यांत पाण्याची चिंता ती काय ? परंतु कोंकणांत राहिलेल्या माणसास ठाऊक आहे कीं, आषाढांत अंगणांतून ओढा वाहणाऱ्या घरींच वैशाखांत बायकांस घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जावें लागतें. ह्याचें कारण जमिनींत आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याच्या सड्यावर पडलेलें पाणी कांहीं झिरपतें, बरेंचसें उतारावरून समुद्रास मिळतें, आणि झिरपलेलेंही फार काळ थांबत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं पाण्याच्या शोधास शास्त्राचें स्थान दिलें होतें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत ‘दकार्गल’ नांवाचा एक स्वतंत्र अध्याय असून झाडें, वारुळें व माती ह्यांच्या लक्षणांवरून भूगर्भांतील पाणी कसें ओळखावें ह्याचा विचार त्यांत केलेला आहे. त्यांतील प्रत्येक लक्षण आजच्या भूजलशास्त्राच्या कसोटीस उतरेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घराच्या आधीं पाण्याचा विचार करावा, हा त्यामागील क्रम निर्विवाद आहे.

समुद्रालगतच्या रेताड जमिनींत तर एक निराळाच प्रकार असतो. तेथें पावसाचें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण तें हलकें असतें. हॉलंडांतील घायबेन ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनींतील हर्झबर्ग ह्यांनीं १९०१ सालीं ह्याचा हिशेब मांडला. समुद्राच्या पातळीहून गोड्या पाण्याची पातळी जितकी वर असेल, त्याच्या सुमारें चाळीसपट खोलीपर्यंत खालीं गोडें पाणी असतें. हा हिशेब स्थूल मानाचा असला तरी त्याचा अर्थ गंभीर आहे. विहिरींतील पाणी उपसून पातळी कायमची एक फूट खालीं आणिली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर येऊं शकतें. आणि एकदां वर आलेलें खारें पाणी मागें लोटण्यास एकच पावसाळा पुरेल असा भरंवसा देतां येत नाहीं.

आतां जुन्या रहाटाकडे पाहावें. बैल सकाळीं दोन घटका फिरे, गाडग्यांतून पाणी पन्हळींत पडे, पाटानें पोफळींच्या आळ्यांत जाई. बैल थकला कीं रहाट थांबे आणि विहीर पुन्हां भरे. बैलाच्या थकव्यानें विहिरीचें रक्षण होत असे. विजेच्या पंपास थकवा नाहीं. आमच्या शेजारच्या वाडींत शहरांतून आलेल्या एका सधन गृहस्थांनीं कूपनलिका खोल नेऊन मोठा पंप बसविला, हिरवळ व स्नानाचें कुंड केलें. तिसऱ्या उन्हाळ्यांत त्यांचें पाणी मचूळ झालें, आणि खालच्या अंगाच्या दोन जुन्या घरांच्या विहिरींचेंही झालें. त्या घरांतील माणसांनीं हिरवळ कधीं केली नव्हती. अखेर गांवच्या चार वडील माणसांनीं मध्यें पडून मोठा पंप काढविला. स्वतःच्या आवारांत स्वतःच्या पैशानें केलेलें काम म्हणजे स्वावलंबन, ही समजूत समुद्रकांठीं टिकत नाहीं. कारण कुंपण जमिनीवर असतें, पाण्यांत नसतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं विहीर उथळ व रुंद असावी. पंप लहान असावा. तो सकाळसंध्याकाळ थोडा वेळच चालवावा आणि मध्यें विहिरीस विसावा द्यावा. पिण्याचें पाणी आकाशांतून घ्यावें. हजार चौरस फुटांच्या छपरावर वर्षांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारें पावणेतीन लाख लिटर पाणी होतें. सहा माणसांच्या घरास पिण्यास व रांधण्यास माणशीं रोज पांच लिटर धरिले, तर आश्विनापासून ज्येष्ठापर्यंतच्या आठ महिन्यांस साडेसात हजार लिटरांहून कमी पाणी लागतें. म्हणजे दहा हजार लिटरांची एक झांकलेली टांकी पुरते. पहिल्या दोनतीन सरींचें पाणी बाहेर सोडावें, टांकींत प्रकाश जाऊं देऊं नये, आणि तोंडास जाळी लावून डांस अडवावे. एवढें केलें कीं वैशाखांतील अर्धी चिंता मिटली.

पाणी ठरल्यावर जागा. गुहागर, मुरूड, दिवेआगर ह्यांसारख्या जुन्या गांवांची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांस सांगणें न लगे कीं, तेथें घरांचें तोंड समुद्राकडे क्वचितच असतें. पुळण, तिच्यामागें झाडांची रांग, मग माडपोफळींची वाडी, आणि तिच्याही मागें रस्त्यालगत घर, असा तो क्रम आहे. घरास समुद्र दिसत नसे, पण समुद्राचें वारेंही थेट लागत नसे. आज प्रत्येकास खिडकींतून लाटा पाहावयाच्या असतात. त्या हौसेस आतां कायद्याचाही बांध आहे. किनाऱ्याच्या संरक्षणाचे नियम प्रथम १९९१ सालीं झाले, पुढें २०११ व २०१९ सालीं बदलले. ग्रामीण भागांत वस्तीच्या दाटीप्रमाणें भरतीरेषेपासून ५० अथवा २०० मीटरांपर्यंत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई आहे. जमीन घेण्यापूर्वीं ती रेषा नकाशांत कोठें येते हें पाहून घ्यावें. दलालाच्या शब्दावर जाऊं नये.

भिंतीस जांभ्यासारखा दुसरा सोबती नाहीं. फ्रान्सिस ब्युकॅनन ह्यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांत मलबारांतील हा दगड वर्णिला आणि विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘लॅटेराइट’ म्हटलें. खाणींत तो मऊ असतो, वाऱ्यावर ठेविला कीं घट्ट होतो. म्हणून चिरे आणून लगेच भिंत उभारूं नये, शक्य तर एक पावसाळा त्यांवरून जाऊं द्यावा. भुसभुशीत व पांढुरके चिरे बाजूस काढावे. सिमेंट व लोखंडी सळयांचें घर समुद्रकांठीं लवकर कां पिचतें, ह्याचें उत्तर हवेंतील मिठांत आहे. तें सळईपर्यंत पोंचलें कीं सळई गंजते, गंज फुगतो, आणि आंतून सिमेंट फोडितो. त्यांत किनाऱ्यावरची न धुतलेली वाळू घातली असेल, तर हा शत्रू पायाभरणीच्या दिवशींच घरांत आणिला असें समजावें. अर्थात् जांभाही पाणी पितो. त्याकरितां चौथरा उंच, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशा लांब, आणि नैर्ऋत्येच्या झडीच्या बाजूस पडवी असावी. पावसाळ्यांत तिला माडाच्या झांपांचा पडदा बांधावा.

छपराविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण येथेंच हल्लीं मतभेद होतो. बाझेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि त्या नळीदार नव्हे अशा चपट्या कौलांनीं पुढें सारा पश्चिम किनारा व्यापिला. आजची मंडळी म्हणतात, ‘कौलें दरवर्षीं कोण चाळणार ? पत्रे घालावे.’ ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या भागांतील घरांचीं छपरें उडालीं आणि पिढ्यांच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. वादळांत कौलेंही जातात, पत्रेही जातात. परंतु उडालेला पत्रा दुसऱ्याच्या जिवावर येऊं शकतो, आणि कौल फुटलें तर तेवढेंच बदलतां येतें. माळ्यावर दोनशें कौलें जादा ठेवावीं, वासे व तुळया भिंतींस लोखंडी पट्ट्यांनीं पक्क्या जखडाव्या, आणि लांकडास वाळवीपासून राखण्यास काजूच्या टरफलांचें तेल लावावें. माडाच्या पुन्हां लागवडीस मात्र कोणतीही पट्टी उपयोगी नाहीं. रोप लावल्यापासून पहिला नारळ मिळण्यास पांचसात वर्षें लागतात. म्हणून पायाच्या आधीं रोपें लावावीं : माड साडेसात मीटर अंतरानें, पोफळी पावणेतीन मीटर अंतरानें, आणि पोफळीवर मिरीचा वेल.

आतां ‘स्वयंपूर्ण’ ह्या शब्दाकडे वळूं. वाडींतून नारळ, सुपारी, केळीं, आंबे, फणस, कोकम मिळतील. गोठ्यांत गुरें असतील तर शेणाच्या वायूवर चूल पेटेल. छपरावरच्या सौर पट्ट्यांनीं दिवे लागतील. परंतु आषाढश्रावणांत सूर्य दिवसेंदिवस दिसत नाहीं, आणि उन्हाळ्यांत त्या कांचांवर मिठाचा थर चढतो तो पुसावा लागतो. तांदूळ, डाळ, औषधें बाहेरूनच यावयाचीं. जुन्या गृहिणींस हें ठाऊक असे. म्हणून पावसाळ्यापूर्वीं आगोटीची तयारी होई. लांकडें रचलीं जात, आमसुलें, पापड, मिरच्या, चिंच भरून ठेविली जात, घर शाकारलें जाई. एकट्यानें ह्यांतील कांहींच होत नसे. माडावर चढणारा, कौलें चाळणारा, विहिरींतला गाळ काढणारा, रात्रीं सर्प निघाल्यास धांवत येणारा, हीं निरनिराळ्या जातींचीं माणसें त्या घराचे खांब होतीं. त्यांस योग्य मजुरी, मान आणि आजारांत मदत द्यावी. केवळ कामापुरतें बोलावूं नये. माडावर चढणारीं माणसें आज कमी होत चाललीं आहेत, आणि त्यांच्या मुलांस त्या कामांत प्रतिष्ठा वाटत नाहीं, ह्यांत दोष मुलांचा नव्हे.

शेवटीं, जी गोष्ट पत्रांत कोणी विचारीत नाहीं ती. सातबाऱ्यावर किती नांवें आहेत ? पणजोबांच्या ठिकाणावर आज पंधरावीस नांवें असणें सामान्य आहे. त्यांत बहिणींचीं व आत्यांचीं नांवें असतात. नसल्यास त्यांचा हक्क मात्र असूं शकतो. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क दिलेला आहे. घर बांधण्याच्या घाईंत भाऊबीजेच्या ताटाशेजारीं हक्कसोडीचा कागद ठेविल्याचीं उदाहरणें आमच्या कानांवर आलेलीं आहेत. कागदावर सही होते. पण त्या भगिनी पुन्हां त्या घराच्या उंबऱ्याशीं येत नाहींत. आमच्या मतें, पायाभरणीपूर्वीं सर्व वारसांस एकदां त्या जागीं बोलवावें, वकिलाच्या साक्षीनें कोणाचा किती वांटा हें लिहावें, आणि ज्यांचा वांटा आहे त्यांस त्या घरांत उतरण्याचा हक्क आहे हेंही लिहावें. खर्च कोणी किती करावा हें मागाहून ठरतें.

त्याच बैठकींत दुसराही प्रश्न विचारावा : आषाढांत येथें कोण राहणार ? बंद घर समुद्रकांठीं फार दिवस तग धरीत नाहीं. चुलीचा धूर लागला नाहीं तर वाशांस कीड लागते, फुटकें कौल कोणाच्या ध्यानीं येत नाहीं, आणि एका गळतीवर वर्षांत तुळई कुजते. ज्या कुटुंबांत कोणीही राहणारें नाहीं, त्यांनीं नवें घर बांधण्यापेक्षां जुन्या घरांत राहणाऱ्या भावजयीच्या हातीं दरवर्षीं शाकारणीचा खर्च द्यावा; तेंही गृहनिर्माणच आहे. आणि जेथें कोणी राहणार असेल, तेथें घराच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर विहिरीची वैशाखांतील पातळी दरवर्षीं नोंदवावी. ती उतरत नाहीं तोंवर घर आपल्या ऐपतींत आहे असें समजावें.

पुढील महिन्यांत आगोटीच्या सामानाची यादी व तें टिकविण्याच्या रीती देण्याचा विचार आहे. वाचकभगिनींनीं आपापल्या घरच्या रीती कळविल्यास आम्ही आभारी होऊं.