अर्धी बातमी

‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार आपणां सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा शनवारवाड्यांत वध झाला. त्यांस ‘धरावें’ अशी जी आज्ञा होती, तींत एका अक्षराचा फेर करून ‘मारावें’ असें करण्यांत आलें, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिक सत्यता कशीहि असो, आपल्या लोकांनीं ती पिढ्यानुपिढ्या जतन केली यांतच तिचें मर्म आहे. आज्ञा देणारा एक, पोंचविणारा दुसरा व पाळणारा तिसरा. मधल्याच्या हातीं अक्षर बदललें कीं अनर्थ ओढवतो, हें आपले पूर्वज जाणून होते.

परंतु आमच्या मतें खोट्या बातमीहून अर्धी बातमी अधिक घातक होय. खोटी बातमी पडताळून पाहतां येते; अर्धी बातमी जेवढी असते तेवढी खरीच असते, म्हणून तिचा संशयच कोणास येत नाहीं.

अमेरिकेंतील ‘चॅलेंजर’ अवकाशयानाची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे. ता. २८ जानेवारी १९८६ रोजीं सकाळीं हें यान फ्लोरिडांतून आकाशांत झेंपावलें आणि ७३ सेकंदांत त्याचे तुकडे झाले. आंतील सातहि जण प्राणांस मुकले; त्यांत एक शाळाशिक्षिका होत्या. बाजूच्या अग्निबाणांतील सांध्याची रचना सदोष होती व तो बंद ठेवणारी रबरी कडी थंडीनें ताठरली होती, हें अपघाताचें कारण होय.

विशेष हा कीं, ही भीति आदल्या रात्रींच बोलून दाखविण्यांत आली होती. अग्निबाण तयार करणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनीं, ५३ अंश फॅरनहाइटहून कमी उष्णमानांत उड्डाण करूं नये, असा सल्ला दूरध्वनीवरून दिला. अवकाशसंस्थेच्या अधिकाऱ्यांनीं नाराजी दर्शविली, तेव्हां कंपनीच्या वरिष्ठांनीं तो मागें घेतला. आणि ज्यांच्या हातीं अंतिम निर्णय होता त्यांच्या कानांवर हा मतभेद गेलाच नाहीं. उड्डाणाच्या वेळीं उष्णमान ३६ अंश होतें.

याहूनहि बोधप्रद गोष्ट चौकशी-मंडळाच्या अहवालांत आहे. ज्या उड्डाणांत कड्यांस इजा झाली होती त्यांचीच तेवढी तुलना केली असतां थंडीचा व इजेचा संबंध दिसत नव्हता. परंतु इजा न झालेलीं उड्डाणेंहि जमेस धरतांच चित्र पालटलें. सांध्यांचें उष्णमान ६६ अंश वा अधिक असतां झालेल्या २० उड्डाणांपैकीं केवळ ३ मध्यें इजा आढळली. तें ६३ अंश वा कमी असतां झालेल्या चारहि उड्डाणांत ती आढळली. आंकडे दप्तरीं होते. ते सगळे एकत्र मांडून कोणी पाहिले नव्हते.

कोणी म्हणतील, बारीकसारीक सर्व गोष्टी वरिष्ठांपुढें नेल्या तर कामें व्हावयाचीं कशीं? हा आक्षेप रास्त आहे. संक्षेप केलाच पाहिजे. परंतु जें गैरसोयीचें तेवढेंच गाळणें हा संक्षेप नव्हे, ती लपवणूक होय.

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट सातासमुद्रांपलीकडची म्हणून सोडून देऊं नका. मराठींत उत्तम गुण मिळाले हें घरीं सांगावयाचें आणि गणितांत नापास झालों हें गिळून टाकावयाचें, असें करणारा मुलगा शब्दशः खोटें बोलत नाहीं. पण त्या अर्ध्या बातमीच्या भरंवशावर वडील त्याच्या पुढील शिक्षणाचा बेत आंखतात, आणि तो बेत फसला म्हणजे दोघेहि नशिबास बोल लावतात.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. वाईट बातमी कानीं पडतांच ज्या घरांत प्रथम हात उगारला जातो, त्या घरांत दुसऱ्या खेपेस ती बातमी येतच नाहीं. घर असो, शाळा असो वा मोठी संस्था असो, वरिष्ठांच्या रागाचें भय वाढलें कीं त्यांच्यापर्यंत पोंचणारें सत्य कमी होतें. म्हणून यापुढें मुलानें भीतभीत प्रगतिपुस्तक पुढें केलें, तर त्यानें तें लपविलें नाहीं, एवढ्यासाठीं तरी प्रथम त्याचें सर्व ऐकून घ्यावें. रागावणें मागाहूनहि होईल. न ऐकलेली गोष्ट मात्र मागाहून कळून फारसा उपयोग होत नाहीं.