परवाना गड्याच्या नावावर, पिस्तूल मालकाच्या गाडीत, अडकणार कोण?

धर्माबाद : जिनिंगवर रात्रीचा पहारा, पेट्रोल पंपाची रोकड बँकेत नेणं, मिरचीच्या हंगामात व्यापाऱ्यासोबत फिरणं. अशा कामांना माणूस ठेवताना मालक एक प्रश्न हमखास विचारतो : परवान्याची बंदूक आहे का? माजी सैनिक असेल आणि स्वतःची बारा बोअर असेल तर काम लवकर मिळतं, पगारही दोन पैसे जास्त. पण ड्युटीवर जेवायला बसताना, देवळात जाताना, बँकेत शिरताना ते हत्यार कुठे ठेवायचं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, "राहू दे गाडीत."

या तीन शब्दांत नोकरी करणाऱ्याच्या गळ्याला फास आहे. तो कसा आवळतो हे मुंबईतल्या एका प्रकरणाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं.

दहिसरचं प्रकरण : गोळी मालकाची, अटक अंगरक्षकाला

८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर भागात फेसबुक लाईव्ह चालू असताना शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हा याने गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःलाही गोळी मारून घेतली. तो व्हिडिओ त्या वेळी गावोगावच्या मोबाईलवर फिरला. पण पुढची गोष्ट फार जणांपर्यंत पोहोचली नाही.

ते पिस्तूल नोरोन्हाच्या नावावर नव्हतं. ते होतं त्याच्याकडे नोकरीला असलेल्या खासगी अंगरक्षकाचं. परवाना उत्तर प्रदेशातला, मुंबई पोलिसांकडे त्याची नोंद नाही. अंगरक्षक आपलं हत्यार मालकाच्या ऑफिसातल्या लॉकरमध्ये ठेवायचा, असं तपासात पुढे आलं. मालकाने तेच काढून वापरलं. मारणारा आणि मेलेला, दोघेही गेले. मागे राहिला तो अंगरक्षक, आणि शस्त्र कायद्याखाली अटक झाली ती त्याला.

लॉकरच्या जागी गाडीचा डॅशबोर्ड ठेवून बघा. चावी मालकाकडे, चालकाकडे, कधी मालकाच्या पोराकडे. हत्यार मात्र कागदावर एकाच माणसाचं.

कायदा काय म्हणतो?

१९५९ चा शस्त्र कायदा साधा आहे. बंदूक बाळगायची तर परवाना लागतो, आणि परवाना एका ठराविक माणसाला मिळतो. दुसऱ्याच्या हाती हत्यार द्यायचं असेल तर तो माणूस ते बाळगायला कायद्याने पात्र आहे का, याची खात्री देणाऱ्याने करायची असते. ती न करता दिलं तर कलम २९ लागतं. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३०. दहिसरच्या प्रकरणात अंगरक्षकावर हीच कलमं लावली गेली.

दुसरी बाजू आणखी कडक आहे. ज्याच्याकडे परवानाच नाही, त्याच्या ताब्यात बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. मग मालकाची गाडी चालवणाऱ्या, परवाना नसलेल्या चालकाचं काय?

इथे कोर्ट बघतं ते "जाणीवपूर्वक ताबा" होता का. हत्यार अंगावर असलंच पाहिजे असं नाही. ते तिथे आहे हे माहीत होतं आणि त्यावर आपला ताबा चालत होता, एवढं पुरे होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या १९७२ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केलं आहे. उलट, सीटखाली काय ठेवलंय याची चालकाला खरंच कल्पना नव्हती, तर तो बचाव ऐकला जातो. पण तो सिद्ध होईपर्यंत पोलीस ठाणं, कोर्ट आणि वकिलाची फी चुकत नाही.

कायद्यात एक छोटी सवलत आहे. परवानाधारक समोर असताना, किंवा त्याची लेखी परवानगी असताना, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. तेवढंच. मालक घरी झोपलेला आणि चालक पिस्तुलासकट गाडी घेऊन डिझेल भरायला गेला, तर या सवलतीत त्याला बसवणं अवघड आहे. "साहेबांनी तोंडी सांगितलं होतं" हे कागद होत नाही.

बासरला गेलात, तर परवाना सोबत येत नाही

धर्माबादकरांसाठी यात एक वेगळीच मेख आहे. इथल्या माणसाचं बासर, निजामाबादला जाणं म्हणजे शेजारच्या गावी जाण्यासारखं. दवाखाना तिकडे, बाजार तिकडे, सोयरीक तिकडे. राज्याची हद्द कधी ओलांडली हे कळतही नाही.

पण बंदुकीला हद्द कळते. परवान्यावर तो कुठे चालतो हे लिहिलेलं असतं : जिल्ह्यापुरता, राज्यापुरता, की संपूर्ण भारतात. "महाराष्ट्र राज्य" असं लिहिलेल्या परवान्याची बंदूक गाडीत विसरून राहिली आणि गाडी तेलंगणात गेली, तर तिथल्या तपासणी नाक्यावर तो परवाना उपयोगाचा नाही. तिकडून इकडे येणाऱ्यालाही तेच लागू. मालकाचा माल घेऊन रोज सीमा ओलांडणाऱ्या गाडीत हत्यार ठेवणं हा म्हणूनच सगळ्यात मोठा धोका.

परवान्याच्या अटींत आणखी एक गोष्ट असते, जी बरेच जण वाचतच नाहीत. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजचा परिसर, इथे हत्यार न्यायला मनाई आहे. माळेगावच्या यात्रेत खांद्याला बंदूक लावून फिरणं यात आलंच. पण शाळेच्या आवारात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेलं हत्यारही परिसरातच असतं. शिक्षक असो, संस्थाचालक असो की त्यांचा चालक, "अंगावर नव्हतं, गाडीत होतं" एवढं म्हणून सुटका होईल असं धरून चालू नये.

अमेरिकेत भांडण उलटं

हाच प्रश्न अमेरिकेत गाजला, पण वेगळ्या अंगाने. ओक्लाहोमा राज्यातल्या व्हॅलियंट या गावी वेअरहाउजर कंपनीची कागद गिरणी आहे. २००२ मध्ये कंपनीने पार्किंगमधल्या गाड्या तपासल्या आणि बंदुका सापडलेल्या कामगारांना कामावरून काढलं. दिवस हरणाच्या शिकारीच्या हंगामाचे होते. कामावरून थेट शिकारीला जायचं म्हणून अनेकांनी बंदुका गाडीत टाकल्या होत्या.

लोक चिडले. २००४ मध्ये त्या राज्याने कायदाच केला की कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या. जागा आमची, कामगारांच्या जिवाची जबाबदारी आमची, मग नियमही आमचा, हे त्यांचं म्हणणं. २००९ मध्ये अपील कोर्टाने कायदा कायम ठेवला. फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास अशा राज्यांनीही असे कायदे केले.

तिथे बंदूक हा राज्यघटनेने दिलेला हक्क मानतात, म्हणून भांडण कामगाराचा हक्क विरुद्ध मालकाची जागा असं झालं. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, ती सरकारने अटींवर दिलेली परवानगी आहे. तिथे कामगार म्हणत होता, गाडीत ठेवू द्या. इथे मालक म्हणतो गाडीत ठेव, आणि नोकरी जाईल म्हणून कामगाराला नाही म्हणता येत नाही.

बीडनंतर नजर कडक

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ पुढे आले, गुन्हे नोंदले गेले. त्यानंतर प्रशासनाने शंभरहून अधिक परवाने रद्द केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार, लोकांचा जीव धोक्यात येईल असा हर्षोल्हासाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर पोलिसांनी लष्करी गुप्तचरांच्या मदतीने जम्मू-काश्मीरच्या राजौरी भागातील नऊ जणांना पकडलं. बनावट परवान्यांवर बंदुका घेऊन ते सुरक्षारक्षकाची नोकरी करत होते. म्हणजे ज्याच्या भरवशावर दुकान सोडून मालक घरी जातो, त्याचा कागद खरा की खोटा हे कामावर ठेवतानाच बघितलेलं नव्हतं.

नांदेडलाही भीतीचं कारण आहे. ५ एप्रिल २०२२ रोजी बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांची त्यांच्या घरासमोर गोळ्या झाडून हत्या झाली. अशा घटनेनंतर पैसेवाल्या माणसाला सोबत हत्यार असावं असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण गाडीत पडलेली बंदूक धोका आला त्या क्षणी हाताशी नसते आणि चोराच्या मात्र हाताशी असते. काच फोडली की काम झालं. ते हत्यार उद्या कुठल्या गुन्ह्यात निघालं, तर पोलीस पहिल्यांदा परवान्यावरच्या नावाचं दार वाजवणार.

मग करायचं काय?

नोकरीला बंदूक घेऊन जाणाऱ्याने चार गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, हत्यार आणि काडतुसं दुसऱ्याच्या ताब्यातल्या गाडीत किंवा कपाटात ठेवू नयेत. ठेवायची वेळच आली तर चावी फक्त आपल्याकडे असलेली लोखंडी पेटी कामाच्या ठिकाणी मागावी, आणि ती मागणी लेखी द्यावी, साध्या व्हॉट्सॲपवर का होईना. दुसरी, परवाना बाहेरच्या राज्यातला किंवा जिल्ह्यातला असेल तर तो इथे चालतो का हे पाहून स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्यावी. तिसरी, परवान्याच्या मागच्या अटी वाचाव्यात, वाचता येत नसतील तर कुणाकडून वाचून घ्याव्यात. चौथी, हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच क्षणी जवळच्या ठाण्यात कळवावं. मालक म्हणेल "दोन दिवस थांब, शोधू". थांबू नये. ते दोन दिवस नंतर तुमच्याच विरोधात मोजले जातात.

मालकांनीही समजून घ्यावं. रोकड सांभाळायची तर २००५ च्या खासगी सुरक्षा यंत्रणा कायद्याखाली परवाना असलेली एजन्सी घ्यावी, रक्षकाचा परवाना मूळ कागदावर तपासावा, आणि त्याच्या बंदुकीला हात लावू नये. ती बंदूक पगारात विकत घेतलेली नसते.

पोलीस आणि महसूल प्रशासनाचंही काम आहे. निवडणूक आली की परवानाधारकांची यादी निघते, छाननी समिती बसते, हत्यारं जमा होतात. मतदान झालं की यादी पुन्हा कपाटात. जिनिंग, पंप, पतसंस्था, बांधकामाच्या साईट इथे कोण हत्यार घेऊन काम करतो, ते रात्री कुठे ठेवतो, त्याचा परवाना कुठला, हे बिगर-निवडणुकीच्या वर्षातही बघायला हवं. सीमेवरच्या तालुक्यात तर जास्तच.

बारा-पंधरा हजारांच्या पगारावर पहारा देणाऱ्याला या सगळ्यात सगळ्यात कमी बोलता येतं आणि सगळ्यात जास्त भोगावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी "राहू दे गाडीत" म्हटलं, तर एवढंच विचारावं : साहेब, परवाना माझ्या नावावर आहे, जबाबदारी लिहून देता का?