प्लॉट घेताय? आधी कर्ज तपासा



आपल्या वालूरची मुले पुण्या-मुंबईला कामाला गेली, चार पैसे गाठीला लागले, की पहिला विचार येतो सेलूला नाहीतर परभणीला एखादा प्लॉट घेण्याचा. विचार वाईट नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना स्वतःच्या नावाच्या जागेची ओढ असणारच. पण प्लॉटची जितकी चौकशी होते, तितकी कर्जाची होत नाही.

समजा, ३ लाख रुपये ५ वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले. व्याज फ्लॅट असेल तर वर्षाला ३६ हजार, पाच वर्षांत १ लाख ८० हजार, हप्ता ८,०००. तेच व्याज घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे ६,६७३ आणि एकूण व्याज १ लाखाच्या आसपास. दर तोच, फरक जवळजवळ ८० हजारांचा! फ्लॅटमध्ये फेडून टाकलेल्या पैशावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला. आपण निदान हप्त्याचा गुणाकार तरी करावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा कर्जाआधी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. तो मागून घ्यावा.

बँकेने नकार दिला तर रागावू नये, कारण विचारावे. बहुधा प्लॉटला अकृषिक परवाना, ज्याला आपण एनए म्हणतो, तो नसतो किंवा लेआउट मंजूर नसतो. म्हणजे बँकेच्या वकिलाने फुकटात सल्लाच दिला! आपले लोक मात्र तिथून उठून सावकाराकडे जातात. शेकडा तीन रुपये महिना ऐकायला हलके वाटते. वर्षाला ते ३६ टक्के होतात. वर तो तारण म्हणून खरेदीखत करून मागतो. ते कधीही करून देऊ नये. २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे. सावकारीत गेलेली जागा पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून ती परत मागता येते. पण त्यासाठी मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात.

दुसरा मोह राहत्या घराचा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, तारणासाठी त्या उपयोगी पडतात. आनंद आहे. पण मोकळ्या प्लॉटला ना भाडे, ना पीक. हप्ता मजुरीतूनच जाणार. तो थकला तर डोक्यावरचे छप्पर जाईल. म्हणून गुंतवणुकीच्या प्लॉटपायी राहते घर गहाण टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख, म्हणजे कर्ज नसण्याचे सुख, आहे. याच अनाथपिंडिकाने जेतवनाची जागा नाणी अंथरून घेतल्याची कथा आहे. रोखीने, उधारीवर नव्हे!

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी विहारात बसणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सहीआधी कागद घेऊन यावे. घरच्या ताईंनाही आणावे. बचत गटामुळे व्याजाचा हिशेब त्यांना आपल्याआधी कळतो.