वाचक कोणाच्या खुर्चीत बसतो?

कादंबरी शिकवताना आम्ही वर्गात एक प्रश्न हमखास विचारतो : ही घटना आपल्याला कोणाच्या जागेवरून दिसते आहे? निवेदक कोण, हे मुले चटकन सांगतात. दृष्टिकोन कोणाचा, हे सांगताना अडखळतात. हाच प्रश्न साहित्याबाहेरच्या एका गद्याला विचारून पाहावा, असे बरेच दिवस मनात होते. हे गद्य अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलविषयीचे आहे. आणि तेही खेळ चालू असतानाचे नव्हे, खेळ बंद असतानाचे.

आमचा एक माजी विद्यार्थी ओहायोत, क्लीव्हलंड शहराजवळ राहतो. तिथल्या 'ब्राउन्स' या संघाचा तो निष्ठावंत. त्याच्या पत्रांतून आणि सोबत येणाऱ्या लेखांमधून या जगाची ओळख होत गेली. नॅशनल फुटबॉल लीगचे ३२ संघ. मोसम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीत 'सुपर बोल'च्या सामन्याने संपतो. पुढे सहा-सात महिने मोसमाचा एकही सामना नसतो. पण लिहिणे थांबत नाही. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिस येथे विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची मोजमापे होतात : उंची, वजन, पंजाचा आकार, ४० यार्ड धावायला लागणारा वेळ. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू नव्या संघांशी बोलणी करू शकतात. एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट', म्हणजे नवोदितांची निवड होते. तिच्या सात फेऱ्या असतात, आणि गेल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. या सर्व काळात कोण कुठे जाईल, किती घेईल, कोणाला काढतील, याविषयी जे अफाट लिहिले जाते, ते आमच्या मते एक स्वतंत्र कथनप्रकार म्हणून वाचण्याजोगे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला येथे आयपीएल आठवेल. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा 'अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला गेला' हे वाक्य कानाला खटकत होते. आज ते कोणाला खटकत नाही. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, म्हणून तो अधिक सभ्य वाटतो. पण बोली न लागणे हाच त्याचा एक हेतू होता. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली. दुबळ्या संघांना चांगले खेळाडू मिळावेत हा तिचा एक अर्थ. एकाच खेळाडूसाठी संघांनी चढाओढ करून त्याचा भाव वाढवू नये, हा दुसरा. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिली निवड झाली आणि पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर याचे. ईगल्सने त्याच्यावरचा हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकला. बर्वांगर मात्र व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. त्याने दुसरा व्यवसाय पत्करला. या प्रथेच्या इतिहासातला पहिला निवडलेला माणूस तिला 'नको' म्हणून निघून गेला, ही गोष्ट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. 'त्याच्यावरचा हक्क' हा शब्दप्रयोगही लक्षात ठेवावा. हक्क दोन संघांमध्ये फिरला. ज्याच्याविषयी तो होता, तो त्या वाक्यात कर्ता नव्हता, कर्मही धड नव्हता.

आता भाकितांकडे वळू. ड्राफ्टपूर्वी महिनोन्‌महिने 'मॉक ड्राफ्ट' प्रसिद्ध होत असतात, म्हणजे कोणता संघ कोणाला घेईल याच्या काल्पनिक याद्या. भविष्यकाळात लिहिलेले हे वास्तववादी कथानक. त्यात शंकेला जागा जवळजवळ नसते. २००० साली टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी सर्वांत शेवटी, २६२ वा निवडला गेला. शेवटच्या खेळाडूला तिथे थट्टेने 'मिस्टर इररेलेव्हंट', म्हणजे बिनमहत्त्वाचे महाशय, असे म्हणतात. २०२५ मध्ये याच महाशयांशी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. भाकिते इतकी चुकूनही हा कथनप्रकार डगमगत नाही. उलट, ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक संघाच्या निवडीला श्रेणी दिल्या जातात : अमुक संघाला 'अ', तमुकाला 'क'. उत्तरपत्रिका लिहिण्याआधीच गुण देण्याची ही पद्धत आमच्या परीक्षा विभागाला अद्याप सुचलेली नाही, हे आमचे भाग्य.

पण हसण्यापुरतीच ही गोष्ट नाही. २०२५ च्या ड्राफ्टपूर्वी शेड्यूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाईल, असे असंख्य याद्या सांगत होत्या. तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला. निवडणारा संघ होता ब्राउन्स. मधल्या दोन-तीन दिवसांत त्या तरुणाविषयी 'घसरण' हा शब्द किती वेळा वाचनात आला, ते मोजणे कठीण. आमचा प्रश्न साधा आहे : घसरले काय? त्याचा खेळ गुरुवारी होता तसाच शनिवारी होता. घसरली ती इतरांनी मनाने रचलेल्या यादीतली जागा. तरीही अपयश त्याच्या नावावर नोंदले गेले, यादी लिहिणाऱ्यांच्या नव्हे. कथानक चुकले तर पात्राला दोष द्यायचा, ही सोय कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे.

करारांची भाषा याहून गंभीर आहे. 'पाच वर्षांचा करार' म्हटले की आपल्याला दोन्ही पक्ष पाच वर्षे बांधले गेले असे वाटते. या लीगमध्ये बहुतेक करारांतली जाहीर रक्कम एक असते आणि हमी असलेली रक्कम दुसरी, बरीच लहान. हमीचे पैसे संपले की संघ खेळाडूला काढू शकतो. खेळाडू मात्र करार मोडून दुसऱ्या संघाकडे जाऊ शकत नाही. त्यातून करार संपला, तरी संघ त्याच्यावर 'फ्रँचाइज टॅग' लावू शकतो : ठरावीक सूत्राने निघणाऱ्या पगारावर आणखी एक वर्ष इथेच खेळ, किंवा घरी बस.

लेव्हिऑन बेल घरी बसला. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा उत्तम धावपटू. २०१८ मध्ये टॅगखाली मिळणारे १ कोटी ४५ लाख डॉलर नाकारून तो संपूर्ण मोसम खेळला नाही; कारण त्याच्या जागेवरचे खेळाडू लवकर झिजतात, आणि एका वर्षाच्या कामात गुडघा गेला तर पुढचे काहीच हाती नसते, हे तो जाणून होता. वृत्तांत मात्र असे लिहिले गेले, की जणू त्याने संघाचा विश्वासघात केला. मुदत टळल्यावर सहकाऱ्यांनी त्याचे कपाट उघडून त्यातले बूट हसतखिदळत वाटून घेतले. पत्रकार पाहत होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याच्याशी चार वर्षांचा ५ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये, दुसऱ्याच मोसमाच्या मध्यात, त्याला काढले. त्याने एक वर्ष नाकारले तो विश्वासघात; त्यांनी दोनहून अधिक वर्षे नाकारली तो व्यवहार. दोन वाक्यांत क्रिया एकच आहे. बदलली ती पाहण्याची जागा.

या जागेची स्वतःची परिभाषा आहे. प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा असते. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. या मर्यादेमुळे खेळाडूचा पगार म्हणजे 'कॅप हिट', मर्यादेवर बसलेला घाव. गेलेल्या खेळाडूपोटी हिशेबात उरलेली रक्कम म्हणजे 'डेड मनी', मृत पैसा. डेन्व्हर ब्रॉन्कोसने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला काढले तेव्हा असा ८ कोटी ५० लाखांचा मृत पैसा दोन वर्षांच्या हिशेबात आला. तो पैसा ज्याच्या हाती गेला तो माणूस जिवंत होता, त्याने तो कबूल करून घेतला होता; मृत ठरला तो केवळ मालकाच्या खतावणीत. पण सामान्य वाचकही ती खतावणी स्वतःची असल्यासारखी वाचतो. आमचा विद्यार्थी लिहितो, "सर, आपण त्याला सोडले ते बरे झाले, कॅप मोकळी झाली." या 'आपण'मध्ये तो आहे, मालक आहे, खेळाडू नाही.

या खुर्चीतून काय काय दिसेनासे होते, याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण क्लीव्हलंडचेच. २०२२ मध्ये ब्राउन्सने देशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर दिले, पूर्ण हमीने. तेव्हा वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही. लीगने त्याला ११ सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलर दंड केला. पुढे मैदानावर तो अपयशी ठरला आणि या कराराला इतिहासातला सर्वांत वाईट करार म्हटले जाऊ लागले. का वाईट? हमी पूर्ण होती म्हणून, निवडीचे हक्क वाया गेले म्हणून. त्या स्त्रिया या वाक्यात कुठेच नाहीत. खतावणीत त्यांचा रकाना नव्हता.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्हाला मान्य आहे : कोट्यधीश खेळाडूंसाठी अश्रू कसले? ड्राफ्ट आणि टॅग खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात मान्य केलेले आहेत. या व्यवस्थेमुळेच सुमारे १ लाख वस्तीचे ग्रीन बे न्यूयॉर्कच्या बरोबरीने उभे राहू शकते. हे सारे खरे. परंतु संघटनेने २०११ मध्ये नवोदितांचे पगार उतरवायला संमती दिली, तेव्हा ज्यांचे पगार उतरणार होते ते अद्याप संघटनेत आलेलेच नव्हते. आदल्या वर्षी पहिल्या निवडीला, सॅम ब्रॅडफर्डला, सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाखांचे करारपत्र मिळाले होते. २०११ च्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. आमचे म्हणणे दयेविषयी नाहीच. ते वाचनाविषयी आहे. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या जागेवरून जग पाहण्याची सवय आपल्याला मनोरंजनातून इतकी सहज लागते, की ती सवय आहे हेही जाणवत नाही.

आणि ती खेळापुरती राहत नाही. आपल्या क्रीडापानांवर संघाने काढलेल्या खेळाडूला 'करारमुक्त केले' असे छापतात. 'मुक्त' हा आपल्या भाषेतला केवढा मोठा शब्द! ज्ञानोबा-तुकोबांच्या परंपरेत ज्याच्यासाठी आयुष्य वेचायचे, तो येथे नोकरी गेल्याची बातमी झाकायला वापरला आहे. आमच्यापैकी दोघे अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आले आहेत. त्यांना कोणी करारमुक्त करीत नाही; जूनमध्ये फोन येत नाही, इतकेच. त्यासाठी शब्दसुद्धा खर्च होत नाही.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात आम्ही बेलची हकीकत सांगितली आणि ती त्याच्या जागेवरून मराठीत लिहायला लावली. आम्हाला वाटले होते, मुले पैशाविषयी लिहितील. बहुतेकांनी कपाटाविषयी लिहिले. एका मुलीने संघाच्या व्यवस्थापकाचे नाव कुठेच येऊ न देता सगळी वाक्ये 'मी'ने सुरू केली. शेवटचे एक सोडून. ते असे होते : 'माझे बूट आता कोण घालते आहे?'