हम्फ्री : मागे फिरण्याचे शौर्य

१/९
शौर्यकथा शेवटच्या यशस्वी फेरीपाशी थांबतात. तिच्याआधी रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या विस्मरणात जातात. ब्रिटिश नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक लेफ्टनंट कमांडर इयन स्टॅन्ली यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

२/९
एप्रिल १९८२. फॉकलंडपाठोपाठ दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया हे बर्फाच्छादित बेटही अर्जेंटिनाने ताब्यात घेतले होते. ते परत घेण्यासाठी आलेल्या ताफ्यात ‘अँट्रिम’ ही विनाशिका होती. तिच्यावरील ‘हम्फ्री’ या वेसेक्स हेलिकॉप्टरचे सारथ्य स्टॅन्ली यांच्याकडे होते.

३/९
२१ एप्रिलला एसएएस या विशेष दलाची तुकडी फॉर्च्युना हिमनदीवर उतरवण्यात आली. तेथून शत्रूवर पाळत ठेवायची होती. त्या प्रदेशाची जाण असणाऱ्यांनी ही जागा टाळण्याचा इशारा दिला होता. तो मानला गेला नाही.

४/९
एका रात्रीच्या वादळाने सैनिक गारठून गेले. दुसऱ्या दिवशी सुटकेची मागणी आली. हम्फ्री आणि सैनिकवाहू दोन वेसेक्स निघाली. पण पहिल्या प्रयत्नात हवामानाने त्यांना परतवले.

५/९
पुढच्या खेपेस तिन्ही उतरली. परंतु आकाश आणि भूमी एकाच पांढऱ्या रंगात विरघळली होती. एक हेलिकॉप्टर उड्डाण करतानाच कोसळले. दुसरे हम्फ्रीच्या मागोमाग येताना बर्फाच्या कड्यावर आदळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

६/९
हम्फ्रीकडे रडार होते, इंजिन मात्र एकच. स्टॅन्ली यांनी आपले प्रवासी जहाजावर पोहोचवले आणि ते पुन्हा हिमनदीवर गेले. खाली अडकलेल्यांशी संपर्क झाला, पण उतरणे अशक्य होते. ते मागे फिरले. दिवस मावळू लागला असता ढगांत फट दिसली; तेव्हा उतरून, क्षमतेपलीकडे भार घेऊन, त्यांनी उरलेल्या सर्वांना परत आणले.

७/९
गौरव होतो तो या अखेरच्या फेरीचा. खरी कसोटी त्याआधीची होती. खाली सहकारी गोठत असताना मागे वळणे भ्याडपणाचे वाटू शकते. पण त्या क्षणी उतरण्याचा हट्ट धरला असता, तर तिसरे हेलिकॉप्टरही बर्फात गेले असते आणि सुटकेचा अखेरचा मार्ग बंद झाला असता.

८/९
तीनच दिवसांनी, २५ एप्रिलला, याच हम्फ्रीने अर्जेंटिनाची ‘सांता फे’ ही पाणबुडी रडारवर हेरली आणि डेप्थ चार्ज टाकून तिला जायबंदी केले. इतर हेलिकॉप्टरांनीही तिच्यावर मारा केला. त्याच दिवशी ग्रिटव्हिकेन येथील अर्जेंटिनी सैन्य शरण आले. स्टॅन्ली यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला.

९/९
युद्धात धोका पत्करावाच लागतो, हे खरे. पण फॉर्च्युनावरील धोका अटळ नव्हता. तो इशारा डावलून ओढवून घेतलेला होता. वैमानिकाच्या कौशल्याने नियोजनाची चूक भरून निघाली, म्हणून ती चूक चूक राहत नाही असे नव्हे. हम्फ्री आज इंग्लंडमधील यॉव्हिल्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्याकडे पाहताना एका माणसाच्या धैर्याला वंदन करावे. आणि ते धैर्य पणाला लावावे लागले ते कोणाच्या निर्णयामुळे, हा प्रश्नही विचारावा. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोहोंपैकी एकच निवडण्याची मुभा नाही.